बत्तीस एकरांची कापणी आणि एकोणिसावं मिनिट

चंद्रहास खोबरेकरांनी बत्तीस एकर गहू एका बैठकीत कापला, पाठीत साधी कळसुद्धा न येता कापला, आणि ते पाहायला समोर एकही माणूस हजर नव्हता. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

गहू अर्थातच टीव्हीवरचा. मुलगा हर्षवर्धन नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा गेमचा कन्सोल वसईच्या घरी मागे राहिला. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात धूळ पुसायची म्हणून खोबरेकरांनी तो हातात घेतला, चुकून चालू केला, आणि त्यात एक शेतीचा खेळ निघाला. मारामारी नाही, गोळीबार नाही. नांगरायचं, पेरायचं, कापायचं, ट्रॉली भरून कोठारात नेऊन ओतायची. चौतीस वर्षं एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत बसून लोकांच्या रजेच्या अर्जांवर शेरे मारलेल्या माणसाला हे फार वेगळं वाटलं. इथे पेरलं की उगवत होतं. मधे कोणाची सही लागत नव्हती.

त्या दिवशी शेवटचा पट्टा कापून त्यांनी यंत्र शेडमध्ये लावलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, “यमुना, बत्तीस एकर!”

“बरं झालं,” आतून यमुनाबाई म्हणाल्या. “आता कढीपत्त्याच्या कुंडीला तांब्याभर पाणी घाला. दोन दिवस सुकलीय.”

खोबरेकरांना हे लागलं. पाणी त्यांनी घातलं, पण घालता घालता ठरवलं की यापुढची कापणी चित्रित करायची, नीट कापूनजोडून इंटरनेटवर टाकायची, आणि ज्यांना शेतीतलं कळतं अशा जगाला दाखवायची. घरच्यांचा प्रश्न निराळा.

पहिला प्रयत्न घरगुती होता. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर रव्याचा डबा, त्यावर साखरेचा, साखरेच्या डब्याला टेकून मोबाइल. चाळीस मिनिटं चित्रण झालं. मग पाहिलं तर गव्हावरून काळे पट्टे वरखाली फिरत होते आणि पट्ट्यांच्या मागे, काचेतल्या प्रतिबिंबात, बनियनमधले खोबरेकर जीभ बाहेर काढून बसले होते. कापणी करताना आपली जीभ बाहेर येते हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. शिवाय विसाव्या मिनिटाला यमुनाबाई साखरेचा डबा घेऊन गेल्या होत्या, त्यामुळे पुढचं सगळं छताचा पंखा.

शेजारच्या लेस्ली डिमेलोंना हे दाखवावं लागलं, कारण ते विचारत नव्हते तरी दारात उभे होते. डिमेलो सातिवलीला बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. झाकणाखेरीज बाकी सगळ्या विषयांवर त्यांचं मत तयार असे.

“काय खोबरेकर, एवढा त्रास कशाला? रिमोटवरच बटन असते. दाबला की मागची पंधरा मिनटं आपोआप सेव्ह. माझा भाचा तेच करतो.”

रिमोटला कंट्रोलर म्हणतात, हे खोबरेकरांनी नम्रपणे सांगितलं. बटण मात्र खरंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीव ओतून कापणी केली, यंत्र शेडमध्ये लावलं, चहा घेतला, थोडं वर्तमानपत्र पाहिलं आणि मग आठवण होऊन बटण दाबलं. मागची पंधरा मिनिटं बिनचूक साठवली गेली. त्यातली साडेचौदा मिनिटं यंत्र शेडमध्ये उभं होतं. अधूनमधून एक कोंबडी पुढून जात होती.

“कॅप्चर कार्ड लागेल बाबा,” फोनवर हर्षवर्धन म्हणाला.

कार्ड म्हटल्यावर खोबरेकरांचा हात सवयीने पासपोर्ट फोटोंच्या पाकिटाकडे गेला. पण हे कार्ड कोणत्याही कार्यालयातून मिळणारं नव्हतं. ती एक काडेपेटीएवढी डबी असते, कन्सोलची वायर तिच्यात, तिची वायर लॅपटॉपमध्ये, की हवा तेवढा वेळ चित्रण होतं. हर्षवर्धनने ती ऑनलाइन मागवून दिली. वसईच्या घरी आलेली सगळी पार्सलं आजवर यमुनाबाईंच्या नावाने येत, म्हणून हेही त्यांच्याच नावाने निघालं, आणि कामणच्या गोदामापर्यंत येऊन तिथे बसलं. मोबाइलवर रोज एकच ओळ येई, पार्सल आपल्या अगदी जवळ पोहोचले आहे. पाचव्या दिवशी खोबरेकर स्वतःच पार्सलजवळ पोहोचले.

गोदामाच्या फाटकावरच्या माणसाने ओळखपत्र पाहिलं, खोबरेकरांकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. “यमुना तुम्ही नाही.”

“मी तिचा नवरा.”

“अथॉरिटी लेटर आणा.”

दुसऱ्या कोणी इथे भांडण केलं असतं. खोबरेकरांच्या मनात मात्र त्या माणसाविषयी आदर दाटून आला. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः किती जणांना हे वाक्य ऐकवलं असेल! ते मुकाट्याने घरी आले आणि अधिकारपत्राचा मसुदा लिहून यमुनाबाईंसमोर ठेवला. “मी, सौ. यमुना चंद्रहास खोबरेकर, माझे पती यांस माझ्या वतीने पार्सल स्वीकारण्यास प्राधिकृत करीत आहे.”

यमुनाबाईंनी तो दोनदा वाचला. “म्हणजे मी परवानगी दिली तरच?”

“हो.”

“मग आधी अनुष्काच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायला माझ्याबरोबर यायचं. आणि दुकानात खुर्चीवर बसून झोपायचं नाही. हेही लिहा त्यात.”

ते लिहिलं गेलं नाही, पण पाळावं लागलं.

साखरपुडा पंधरा दिवसांवर होता, हे इथे सांगायला हवं. खोबरेकरांची मुलगी अनुष्का, तिचं लग्न पापडीच्या सुजय चुरीशी ठरलं होतं. चुरी म्हणजे पापडीचे जुने वाडीवाले. केळी, पानवेल, सोनचाफा, मधोमध बावखल, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं हिरवं पाणी. सुजयचे वडील एकनाथराव अजून रोज वाडीत उतरत, आई सावित्रीबाई फुलांचं पाहत. मुलगी पूर्वेच्या फ्लॅटमधली, सासर पश्चिमेच्या वाडीतलं. यमुनाबाईंना अजून त्या घराचा नीटसा अंदाज आला नव्हता, आणि अंदाज न येणं हा प्रकार त्यांना सहन होत नसे.

तर डबी आली. वायरी जोडल्या. लॅपटॉपवर मिट्ट काळोख. खोबरेकरांनी वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या, काळोख तसाच. डिमेलो म्हणाले डबी उलटी करून बघा. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी अर्थिंगचा दोष काढला. शेवटी हर्षवर्धनने फोनवर सांगितलं की कन्सोलच्या सेटिंगमध्ये नक्कल करायला बंदी घातलेली असते, ती काढायची. ती काढली आणि लॅपटॉपवर गहू डोलायला लागला. खोबरेकरांनी चष्मा काढून डोळे टिपले.

आता एकच गोष्ट राहिली होती. चित्रणाच्या प्रोग्रॅममध्ये ‘आवाज’ या मथळ्याखाली चार रिकामे चौकोन होते. खेळाचा आवाज, संगणकाचा आवाज, मायक्रोफोन, आणि चौथं काहीतरी त्यांना न समजलेलं. फॉर्ममधला एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, नाहीतर अर्ज परत येतो, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. चारही चौकोनांत त्यांनी बरोबरची खूण केली.

बुधवारी सकाळी त्यांनी जी कापणी केली तिला तोड नव्हती. पट्ट्याला पट्टा भिडलेला, वळणावर एक ओंबी सुटलेली नाही. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर होता, कारण वायर तेवढीच पुरत होती. त्याच दारात, मेथीची जुडी मधे घेऊन, यमुनाबाई आणि डिमेलोंची बायको थेरेसा बोलत बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते खोबरेकरांनी ऐकलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर त्या दिशेने येणारं बोलणं त्यांच्या कानाला आपोआप पंख्यासारखं वाटू लागलं होतं.

चित्रण दोन तास दहा मिनिटांचं झालं. ते पेनड्राइव्हवर घेऊन खोबरेकर पापडीला केविनच्या स्टुडिओत गेले. केविन लग्नं आणि चर्चमधले समारंभ शूट करी. चाळिशीचा शांत माणूस, पण दोन दिवसांत तीन लग्नांचे व्हिडिओ द्यायचे असल्यामुळे कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी वरातीचं गाणं जुळवत होता.

“अंकल, दोन तासाचं कोण बघणार? सात मिनटं करू.”

“सात मिनिटांत बत्तीस एकर?”

“लोकांचं अख्खं लग्न मी तीन मिनटात करतो.”

तासभर घासाघीस झाली. प्रत्येक पट्टा कापताना खोबरेकरांच्या तोंडून ‘हा नको, हा राहू दे’ असा उद्गार निघे. केविनच्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या सजावटी लग्नाच्या होत्या. पहिल्या फेरीत कापणीयंत्र एका लाल बदामातून बाहेर आलं आणि त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव झाला. ट्रॉली कोठारात शिरताना शेजारी सोनेरी अक्षरांत ‘शुभाशीर्वाद’ उमटलं. पाकळ्या खोबरेकरांनी काढायला लावल्या. शुभाशीर्वाद मात्र त्यांनी राहू दिले, कोठाराच्या दारात ते शोभून दिसत होते. शेवटी एक्केचाळीस मिनिटांवर तह झाला. कानात वरात वाजत असल्यामुळे शेतीचा आवाज केविनने ऐकला नाही, आणि ऐकून पाहावा असं खोबरेकरांनाही सुचलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पट्ट्यांकडे.

चॅनल अनुष्काने तिच्या खात्यातून काढून दिलं होतं. खोबरेकरांचा स्वतःचा पासवर्ड एका डायरीत होता, डायरी त्यांनी सुरक्षित जागी ठेवली होती, आणि सुरक्षित जागा आठवत नव्हती. शुक्रवारी दुपारी केविनच्याच संगणकावरून ‘खोबरेकरांची शेती : बत्तीस एकर, एकच दिवस’ जगासमोर आली. खोबरेकरांनी ती एकशे सतरा जणांना पाठवली. एकनाथरावांना तर फोनच केला.

“एकनाथराव, तुम्ही जाणकार. तुमचं मत मला हवंय. पूर्ण बघा. आणि आवाज मोठा ठेवा बरं का, इंजिनाचा आवाज फार खरा आहे.”

“अहो, बघतो म्हणजे! साडेपाचला वाडीतून आलो की दोघंही मोठ्या टीव्हीवर बघतो.”

खोबरेकर पापडीहून घरी परतले ते तरंगतच. चारच्या सुमाराला थेरेसा दार न वाजवता आत आली. हातात मोबाइल, डोळ्यांत पाणी, हसून हसून खांदे हलत होते.

“यमुना, आपण दोघी फेमस झालो गं! ऐक, ऐक. एकोणीस मिनटावर आहे.”

आधी इंजिनाची घरघर ऐकू आली. खरोखर फार खरी होती. मग तिच्यावरून, रेडिओवरच्या बातमीइतका स्वच्छ, यमुनाबाईंचा आवाज.

“माणूस सोन्यासारखा आहे गं, पण बोलतो किती! गेल्या रविवारी त्यांच्या घरी गुडघ्याच्या ऑपरेशनला चहाबरोबर सुरुवात केली, जेवायची पानं मांडली तरी भूल उतरली नव्हती.”

“आणि ती बायको?” हा थेरेसाचा आवाज.

“सावित्रीबाई? हूं नाही की चूं नाही. मला तर वाटतं तिला आमची अनुष्का पसंतच नाही. आणि ती केळफुलाची भाजी! मीठ म्हणून नाही. मी आपली पापड चुरून चुरून गिळली.”

“मग साखरपुड्याला काय करशील?”

“माइकवाल्याला सांगून ठेवलंय. एकनाथराव उठले की बटण बंद.”

नेमकं याच ठिकाणी ट्रॉली कोठारात शिरत होती आणि पडद्यावर सोनेरी ‘शुभाशीर्वाद’ झळकत होता.

थेरेसाने दोघांचे चेहरे पाहिले. तिचं हसू हळूहळू ओसरलं. “काय झालं? कोण बघतंय हे?”

“एकनाथराव,” खोबरेकर म्हणाले. “साडेपाचला. आवाज मोठा ठेवून.”

यमुनाबाई खुर्चीत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर खोबरेकरांना सोपं गेलं असतं. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, माझ्या तोंडामुळे पोरीचं लग्न मोडलं तर?”

खोबरेकरांनी अनुष्काला फोन लावला. तिचं ऑफिसात प्रशिक्षण चालू होतं, फोन बंद. हर्षवर्धन म्हणाला, “सोपं आहे बाबा, लॉगिन करा आणि डिलीट करा.” लॉगिन केलं तर सहा आकडी नंबर अनुष्काच्याच बंद फोनवर गेला. केविनच्या संगणकावर खातं उघडं असणार, म्हणून त्याला फोन केला. तो एका लग्नाच्या हळदीला पोहोचला होता आणि मागे इतका मोठा ढोल वाजत होता की त्याने तीनदा ‘थँक यू अंकल’ म्हणून फोन ठेवला. डिमेलो म्हणाले, व्याह्यांच्या घरची लाइट घालवता आली तर बघा. पण वीज कंपनीत कोणाचीच ओळख नव्हती.

“आपणच जाऊ,” यमुनाबाई उठल्या. “त्यांना टीव्ही लावूच द्यायचा नाही.”

“कसं?”

“मी गुडघा विचारते.”

खोबरेकरांनी बायकोकडे पाहिलं. मुलीसाठी आई काय काय करायला तयार होते, हे त्यांना त्या क्षणी उमगलं.

रिक्षावाला तिसऱ्या सीटसाठी थांबला होता. “तिसरी सीट पण आम्हीच,” असं म्हणून खोबरेकर आत बसले. पुलावर रांग होती. सव्वापाच झाले. रिक्षा जागची हलेना तसतशा यमुनाबाई तोंडातल्या तोंडात प्रश्नांची उजळणी करत होत्या. टाके किती, वाटी धातूची की कसली, फिजिओथेरपी रोज की दिवसाआड. अंदाजे दीड तासाचा ऐवज त्यांनी जमवला. तेवढ्यात अनुष्काचं प्रशिक्षण सुटलं असतं.

पाच पस्तीसला ते चुरींच्या अंगणात शिरले. एकनाथराव नुकते हातपाय धुऊन टॉवेलला हात पुसत होते.

“या या! अहो, तुमचीच शेती लावत होतो. सावित्री, बघ कोण आलंय!”

“ते राहू दे हो,” यमुनाबाई ओट्यावरच म्हणाल्या. “आधी सांगा, गुडघा कसा आहे?”

एकनाथरावांनी क्षणभर सावित्रीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरा आहे.”

आणि ते आत गेले.

खोबरेकर आणि यमुनाबाई एकमेकांकडे बघत राहिले. बरा आहे? दोन शब्द? यमुनाबाईंनी त्यांच्या मागोमाग आत जात टाक्यांचा प्रश्न टाकला. “टाके? विरघळले,” असं उत्तर आलं, आणि पाठोपाठ इंजिनाची घरघर सुरू झाली. टीव्ही खरंच मोठा होता.

एकनाथराव पुढे सरकून बसले. पाचच मिनिटांत त्यांना पडद्याखेरीज काही दिसेनासं झालं. “हे एवढं यंत्र आमच्या वाडीत शिरलं तर वळायचं कुठे? थेट बावखलात!” मग त्यांनी व्हिडिओ थांबवून विचारलं, “चंद्रहासराव, ओंबी पुरती वाळली होती का? रंग अजून हिरवट वाटतो.” असं पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. एरवी खोबरेकरांना गहिवरून आलं असतं. आता ते फक्त घड्याळाकडे बघत सविस्तर उत्तर देत होते, आणि प्रत्येक उत्तर शक्य तितकं लांबवत होते. सावित्रीबाईंनी चहा आणला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेहमीसारख्या गप्प बसल्या. यमुनाबाईंनी कप हातात घेतला, तो तसाच राहिला.

बारावं मिनिट. पंधरावं. अठराव्या मिनिटाला खोबरेकरांनी खोकून पाहिलं. एकनाथरावांनी काळजीने आवाज आणखी मोठा केला.

“माणूस सोन्यासारखा आहे गं, पण बोलतो किती!”

एकनाथरावांनी भुवया वर केल्या. भूल उतरली, भाजी झाली, माइकचं बटण बंद झालं. ‘शुभाशीर्वाद’ झळकला. त्यांनी रिमोट उचलला. आता बंद करतील, असं खोबरेकरांना वाटलं. पण एकनाथरावांनी व्हिडिओ मागे घेतला आणि सगळं पुन्हा एकदा, पहिल्या शब्दापासून ऐकलं. मग थांबवला.

यमुनाबाई उभ्या राहिल्या होत्या. “एकनाथराव, मी…” त्यांनी हातातला कप खाली ठेवला. “चूक माझी आहे. पोरीचा यात काही दोष नाही. तिला काही म्हणू नका.”

तेवढ्यात कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. सावित्रीबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला होता आणि त्या गदगदत होत्या. आधी वाटलं रडताहेत. मग पदर सुटला. त्या हसत होत्या. पोट धरून, खुर्चीचा हात पकडून, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

“पानं मांडली तरी…” त्यांना बोलता येईना. “तरी भूल…”

एकनाथराव बायकोकडे बघत राहिले. “परवाच सुजय म्हणाला, बाबा, गुडघ्याचं जरा आवरतं घ्या. म्हणून आज मी दोन शब्दांत संपवलं.” मग ते यमुनाबाईंकडे वळले. आवाजात राग नव्हता, थोडा ओशाळेपणा होता. “खरं सांगू का? ऑपरेशनच्या आधी सहा महिने मला वाडीत पाऊल टाकता येत नव्हतं. त्या खिडकीत बसून बघायचो. केळी कोसळलेली दिसायची आणि उठून टेकू देता यायचा नाही. आता चालता येतं, तर कोणीही भेटलं की सांगत सुटतो.”

यमुनाबाई हळूच खाली बसल्या. “अहो, मग हे सांगायचं ना त्या दिवशी! तुम्ही डॉक्टरांचं गाव, वॉर्डातल्या खाटा आणि लिफ्ट कितव्या मजल्यावर अडकली, एवढंच सांगितलंत. हे कुठे आलंच नाही.”

“यायचं होतं,” एकनाथराव म्हणाले. “तेवढ्यात पानं मांडली गेली.”

आता खोबरेकरांनाही हसू आवरेना, आणि ते आवरायची गरज नाही हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. सावित्रीबाई डोळे पुसत उठल्या आणि यमुनाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. “मिठाचं म्हणाल तर यांचं प्रेशर. मीठ बेतानेच पडतं आमच्याकडे. पण यमुनाताई, अनुष्का मला पसंत नाही असं खरंच वाटलं तुम्हाला?”

“तुम्ही काही बोलतच नाही हो.”

“परक्यांपुढे मला सुचत नाही. आमचं घरातलं बोलणं वाडवळी, तुमच्यासमोर काही चुकेल असं वाटतं. आणि मधे जागा तरी कुठे मिळते?” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चला, तुम्हाला दाखवते. दोन झाडं सोनचाफ्याची राखून ठेवलीत मी, साखरपुड्याला पोरीच्या केसांत माळायला. आठ दिवस झाले, एकही कळी विकायला जाऊ दिली नाही. सुजयलाही हात लावू देत नाही.”

दोघी मागच्या दाराने वाडीत गेल्या. जाताना सावित्रीबाई बोलत होत्या, आणि बोलतच होत्या. बरंच अंतर गेल्यावरही त्यांचा आवाज येत होता आणि मधूनमधून यमुनाबाईंचं ‘अगं बाई!’ ऐकू येत होतं. खोबरेकरांनी पाठ खुर्चीला टेकली.

“चला, पुढचं लावू,” एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मधोमध एक ओळ उमटली, हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. त्याच वेळी खोबरेकरांच्या खिशातला फोन वाजला.

“बाबा, हर्षचे अठरा मिस्ड कॉल आहेत,” अनुष्का धापा टाकत होती. “काळजी करू नका, मी सगळं काढून टाकलंय! कायमचं! कोणी पाहिलं तर नाही ना?”

“नाही म्हणजे… पाहिलं. छान झालं. आई फुलं बघायला गेलीय.”

“काय?”

“घरी आल्यावर सांगतो.” त्यांनी फोन ठेवला.

एकनाथराव मात्र अस्वस्थ होऊन रिमोट हलवत होते. “अहो, हे काय? अर्ध्यातच बंद? डाव्या बाजूचं शेत उभं होतं अजून! आणि मागून ढग आले होते, मी पाहिले. त्या गव्हाचं काय झालं?”

खोबरेकरांनी खुर्ची पुढे ओढली, टीपॉयवरचा चहाचा कप बाजूला सरकवला आणि त्या जागी एकनाथरावांच्या टॉवेलची घडी आडवी पसरली.

“हे डावं शेत,” ते म्हणाले. “इथून चढ लागतो. आता मी यंत्र असं आणलं…”

एकनाथराव हनुवटीखाली मूठ घेऊन पुढे वाकले.

“…आणि नेमका इथे पहिला थेंब पडला.”

“अरे देवा,” एकनाथराव म्हणाले. त्यानंतर वीस मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत.